वाचकांचे प्रश्न : बाळंतपण कुठे करावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे बाळंतपणाची जागा. लिहिणाऱ्या तिघींची परिस्थिती मात्र इतकी वेगळी आहे की तिघींना एकच उत्तर देणे योग्य झाले नसते. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली असून नावे व गावे गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. माझे वय २७ असून मी पहिलटकरीण आहे. सातवा महिना सरत आला आहे आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यातील तारीख मिळाली आहे. आम्ही दोघे पुण्यात नोकरी करतो. माझे माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे असे आईचे म्हणणे आहे. आम्ही तिन्ही भावंडे घरातच, गावच्या सुईणीच्या हातून झालो. माझ्या पतींनी घरी झालेल्या प्रसूतींच्या चित्रफिती पाहिल्या आहेत आणि त्यांनाही तो मार्ग पटतो आहे. पुण्यातील एका बर्थ सेंटरमध्ये, म्हणजे घरासारख्या वातावरणात नैसर्गिक प्रसूती करणाऱ्या खासगी केंद्रात, आम्ही चौकशी केली. जागा फार प्रसन्न आहे, परंतु तिथला खर्च आमच्या चार महिन्यांच्या घरखर्चाएवढा होतो. सरकारी रुग्णालयाबद्दल ऐकून भीती वाटते, कारण तिथे बायकांवर ओरडतात, एकटे ठेवतात. खासगी दवाखान्यात माझ्या मोठ्या बहिणीचे सिझर झाले आणि ते टाळता आले असते असे तिला अजून वाटते. आम्ही काय निवडावे? माझ्या सर्व तपासण्या व्यवस्थित आहेत, फक्त हिमोग्लोबिन ९.४ आहे, पण ते सगळ्यांचेच कमी असते असे म्हणतात.

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मी आधी घेते, कारण तुम्ही जाता जाता लिहिलेली ती गोष्ट बाकी सर्व गोष्टींपेक्षा महत्त्वाची आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. ९.४ पुष्कळ जणींचे असते हे खरे असले, तरी पुष्कळ जणींचे असते म्हणून ते चालण्यासारखे होत नाही. प्रसूतीनंतर थोडे रक्त प्रत्येकीचे जातेच; १२ हिमोग्लोबिन असलेली बाई अर्धा लिटर रक्तस्राव सोसून दुसऱ्या दिवशी उठून बसते, तर ९ हिमोग्लोबिनच्या बाईला तेवढ्यानेच भोवळ येते आणि तिच्या बाबतीत आमच्या हातात असलेला वेळ कमी होतो. आजच तुमच्या डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्यांची मात्रा वाढवून घ्या, गोळीबरोबर व तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. आकडा चढला नाही, तर शिरेवाटे लोह देता येते. जागा कोणतीही निवडली तरी हे काम तुम्हाला करावेच लागेल.

आता घरच्या बाळंतपणाविषयी. तुमच्यासाठी माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे, आणि ते देताना तुमच्या गावच्या सुईणीचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. उमेदवारीच्या काळात मी अशा दोन-तीन वृद्ध सुईणी जवळून पाहिल्या. पोटावर नुसता हात ठेवून मूल आडवे आहे की पायाळू, हे त्या सांगत, आणि कळा देणाऱ्या बाईशी तासन् तास ज्या मायेने बोलत राहत, ती माया आमच्या प्रसूतिकक्षात मला क्वचितच दिसली. परंतु गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून द्यायचे इंजेक्शन त्यांच्याजवळ नव्हते, रक्ताची पिशवी नव्हती, आणि मूल झाल्यावर वार (प्लॅसेंटा) आत अडकली तर थांबून वाट पाहण्याखेरीज त्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

एका पावसाळी रात्री आमच्या ग्रामीण रुग्णालयात जीपच्या मागच्या बाकावर आडवी करून आणलेली एक बाळंतीण मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मूल घरीच सुखरूप झाले होते आणि आजीच्या पदरात गुंडाळलेले होते. वार मात्र पडली नव्हती. बाईच्या अंगाखाली घातलेल्या जुन्या लुगड्याची घडी उलगडली तेव्हा ती आतपर्यंत भिजलेली निघाली, आणि सासूबाई पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होत्या की आत्ता तासापूर्वीपर्यंत ती बोलत होती. वार हाताने काढली, सलाईन दोन्ही हातांना लावले, रक्त शेजारच्या तालुक्यातून आले आणि ती वाचली. ती वाचली, कारण त्या रात्री ओढ्याला पाणी कमी होते. प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. सर्व तपासण्या उत्तम असलेल्या बाईलाही तो होतो. तुमची तारीख जुलै अखेरची आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळून वाड्या गाडल्या गेल्या आणि रस्ते बंद पडले, हे तुमच्या आईंना मी सांगायला नको. पहिलटकरीण, रक्तक्षय आणि कोयनेच्या खोऱ्यातला आषाढ, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना घरचा विचार सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बर्थ सेंटरची कल्पना मुळात चांगली आहे आणि तिच्यामागचे बरेचसे वैद्यकीय म्हणणे मला मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकाळातील काळजीविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत सोबतीला आपले माणूस असावे, बाईला चालू-फिरू द्यावे, तिला सोयीची वाटेल ती स्थिती घेऊ द्यावी, सरसकट छेद घेऊन टाके घालू नयेत, नाळ लगेच न कापता किमान एक मिनिट थांबावे आणि मूल लगेच आईच्या उघड्या अंगावर द्यावे, हे सर्व आहे. आपल्या केंद्र शासनानेही २०१८ च्या डिसेंबरात परिचारिकांना १८ महिन्यांचे प्रशिक्षण देऊन मिडवाइफ, म्हणजे स्वतः प्रसूती करू शकणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका, तयार करण्याचे धोरण जाहीर केले. तुम्हाला ज्या केंद्राची प्रसन्नता भावली, त्या केंद्रात मात्र भिंतींचा रंग आणि पाण्याचा हौद पाहून न थांबता काही गोष्टी सरळ विचारा. प्रसूती करणारी व्यक्ती परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली मिडवाइफ आहे की डूला? डूला ही धीर देणारी सोबतीण असते, आणि तिचे काम मोलाचे असले तरी रक्तस्राव थांबवणे किंवा न रडणाऱ्या मुलाला श्वास देणे हे तिचे काम नव्हे. केंद्राची शुश्रूषागृह म्हणून नोंदणी आहे का? गेल्या वर्षी किती जणींना इथून रुग्णालयात हलवावे लागले आणि तिथे पोचून शस्त्रक्रिया सुरू व्हायला किती मिनिटे लागली? हा प्रश्न विचारल्यावर जे केंद्र आकडे न सांगता 'आमच्याकडे तशी वेळ येतच नाही' असे म्हणेल, तिथे जाऊ नका. पहिलटकरणींपैकी पुष्कळ जणींना मध्येच हलवावे लागतेच, आणि त्यात त्या केंद्राचा काही दोष नसतो. तुमच्या बाबतीत हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले नाही, तर प्रामाणिक केंद्र स्वतःच तुम्हाला नकार देईल.

सरकारी रुग्णालयाबद्दलची तुमची भीती मी खोटी ठरवणार नाही. कळांनी कासावीस झालेल्या मुलीने 'आई गं' म्हणून हाक मारली की तिच्यावर खेकसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सलग छत्तीस तासांच्या कामानंतर एका पहाटे मी स्वतःही एका मुलीवर आवाज चढवला होता. तिने मग तोंडात पदर कोंबला आणि एकही शब्द न बोलता बाळंत झाली. ते आठवले की आजही मला लाज वाटते. कामाचा ताण हे त्याचे कारण असेल, पण ते समर्थन नाही. या बाबतीत तुमच्या हाती एक साधन आहे आणि ते पुष्कळ जणींना ठाऊक नसते. सार्वजनिक रुग्णालयांतील प्रसूतिकक्षात एका स्त्री-नातेवाइकाला सोबत राहू देण्याचा निर्णय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली घेतला आहे. आठव्या महिन्यातच प्रसूतिकक्षाच्या प्रमुख सिस्टरांना भेटून, 'माझी आई माझ्याजवळ थांबेल' हे सांगून ठेवा. शेजारी आई उभी असली की ओरडणाऱ्याचा आवाजही खाली येतो, हा माझा कायमचा अनुभव आहे.

'सरकारी' या एका शब्दात फार वेगवेगळ्या जागा येतात, हेही ध्यानात घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहा खाटा असतात आणि तिथे साधी प्रसूती उत्तम होऊ शकते, पण सिझर होत नाही. ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचे असते. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असतील, पण भूलतज्ज्ञ रात्री असतीलच असे नाही. उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया, रक्त आणि नवजात बाळांचा कक्ष या तिन्हींची शक्यता सर्वांत जास्त असते. तेव्हा रुग्णालयात जाऊन एवढेच विचारा : रात्री दोन वाजता सिझर करावे लागले तर ते इथेच होईल का, आणि रक्त कुठून येईल? उत्तर 'पुढे पाठवावे लागेल' असे असेल, तर तुमच्यासारखीने पहिल्यापासून त्या 'पुढच्या' ठिकाणीच नाव नोंदवावे. खर्चाची चिंता करू नका. २०११ पासून सुरू असलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेणे-परत सोडणे हे सर्व विनामूल्य आहे. कोणी पैसे मागितले तर ते देण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांना भेटा.

तुमच्या बहिणीविषयी दोनच शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. हा फरक केवळ वैद्यकीय कारणांनी पडला असे मी म्हणू शकत नाही. तरी तुमच्या बहिणीचे सिझर अनावश्यक होते की नव्हते, हे तिचे कागद न पाहता मी सांगणे बरोबर नाही. तिने ते कागद मागून घ्यावेत, तो तिचा हक्क आहे. सिझरच्या भीतीने घरी राहणे मात्र चुकीचे ठरेल.

तेव्हा माझा सल्ला असा. पुण्यात राहणार असाल, तर घरापासून जवळच्या महापालिकेच्या किंवा शासनाच्या अशा रुग्णालयात नाव नोंदवा जिथे चोवीस तास सिझर होते, आणि आईंना महिनाभर तुमच्याकडे बोलावून घ्या. माहेर हवेच असेल, तर कराडमध्ये कोणी मामा-मावशी असल्यास सदतिसावा आठवडा लागताच तिथे राहायला जा, बाळंतपण तिथल्या मोठ्या रुग्णालयात करा आणि बारशाला गावी जा. गरोदरपणाचे कार्ड, रक्तगटाचा कागद आणि रक्त देऊ शकतील अशा दोघांचे फोन क्रमांक एका पिशवीत आत्तापासून ठेवा. पाणी गेले, रक्त दिसले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाचे फिरणे कमी झाले, तर कळांची वाट न पाहता निघा. १०८ वर फोन करा.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते. वय ३२, ही दुसरी खेप. पहिले बाळंतपण इथल्या रुग्णालयात नैसर्गिक झाले, दोन टाके पडले, बाकी त्रास नव्हता. या वेळी मिडवाइफनी स्वतःहून घरच्या प्रसूतीचा पर्याय सुचवला आहे. रुग्णालय गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. नाशिकला आई-बाबा मात्र फार घाबरले आहेत आणि 'तिकडे राहूनही घरी कसली बाळंत होतेस?' असे विचारतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : वरच्या पत्रातील भगिनीला मी ठामपणे नकार दिला, आणि तुम्हाला मात्र 'तुमचा विचार वाजवी आहे' असे लिहिते आहे. तुमच्या आई-बाबांना या दोन उत्तरांमागचे कारण समजावून सांगावे.

इंग्लंडमध्ये सुमारे ६४ हजार कमी जोखमीच्या गर्भवतींचा मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आधी एक मूल झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत, घरी प्रसूतीचे ठरवल्याने बाळाचा धोका रुग्णालयापेक्षा वाढलेला आढळला नाही आणि सिझरसारखे हस्तक्षेप कमी झाले. हलवावे लागण्याचे प्रमाण १२ टक्के होते. पहिलटकरणींचे चित्र निराळे होते. त्यांच्यापैकी ४५ टक्के जणींना घरून रुग्णालयात हलवावे लागले, आणि बाळाच्या गंभीर त्रासाचे प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३ तर घरी ९.३ आढळले. मिडवाइफनी चालवलेल्या प्रसूतिकेंद्रांत मात्र पहिलटकरणींच्या बाळांचाही धोका वाढलेला नव्हता. तुमच्याकडे येणाऱ्या मिडवाइफकडे रक्तस्रावाची इंजेक्शने व बाळाला श्वास देण्याची साधने असतात, तुमचे कागद रुग्णालयात आधीच असतात आणि रुग्णवाहिका बोलावली तर पुढे खाट शोधत फिरावे लागत नाही. नाशिकच्या कोणत्याही घरात आज ही साखळी उभी नाही, म्हणून आई-बाबांची भीती त्यांच्या जागी अगदी रास्त आहे.

दोन गोष्टींची खात्री करून घ्या. आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातील मधुमेह अधिक आढळतो. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यानची साखरेची तपासणी झाली नसेल तर ती करा, आणि साखर किंवा रक्तदाब वाढला, मूल पायाळू राहिले किंवा बेचाळीस आठवडे उलटू लागले, तर घरचा विचार हट्ट न करता सोडा. दुसरे असे की मिडवाइफ कमी पडल्या तर ऐन वेळी घरची सेवा बंद ठेवली जाऊ शकते, तेव्हा पर्यायी जागा आधीच ठरलेली असावी. मन दोलायमान असेल, तर रुग्णालयाच्या आवारातच मिडवाइफनी चालवलेला विभाग आहे का ते विचारा. माझी मुलगी तुमच्या जागी असती तर मी तिला तोच सुचवला असता.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. आमच्या पाड्यापासून गाडीरस्त्यापर्यंत झोळीने उतरावे लागते, मध्ये नदी आहे. एका बाईची ही तिसरी खेप आहे. आधीची दोन्ही मुले घरी झाली. दुसऱ्या वेळी वार तासभर पडली नाही आणि रक्त फार गेले. ती दवाखान्यात यायला तयार नाही. म्हणते, तिथे आडवे पाडून ठेवतात, कोणी आमची बोली बोलत नाही आणि घरी पोरांकडे व शेळ्यांकडे कोण बघणार? मी तिला कसे समजावू?

उत्तर : बाई, तुम्ही हे पत्र लिहिले याचा मला फार आनंद झाला. तिच्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत, म्हणून त्यांना उत्तरे देतच तिला आणावे लागेल. 'नियम आहे' म्हणून ती येणार नाही. एकदा वार अडकलेल्या बाईची पुढच्या खेपेसही अडकू शकते, आणि तिसऱ्या वेळी ती तितकीच सुदैवी असेल असे धरून चालता येत नाही. ही बाई घरी बाळंत होऊ नये.

आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' ही सोय आहे. तारखेच्या चार-सहा दिवस आधी गर्भवतीने तिथे येऊन राहायचे, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल आणायचे. तुमच्या केंद्रात ती चालू आहे का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. तिची पावरी बोली बोलणारी बाई, शक्यतो तिची सासू किंवा जाऊ, बरोबर घ्या. सिस्टरांना सांगा की ही उकिडवी बसून बाळंत झालेली आहे, तिला तसे बसू द्या. त्यात वैद्यकीय अडचण काहीच नाही. शेळ्यांचा प्रश्न नवऱ्यासमोर बसून सोडवा, कारण पुष्कळदा खरा अडसर तोच असतो आणि कोणी त्याला विचारलेले नसते.

पाड्यावरच्या इतर कोणाची प्रसूती प्रयत्न करूनही घरीच झाली, तर स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, उकळलेला दोरा आणि कोरडी ठेवलेली नाळ या पाच गोष्टी सांभाळा. नाळेवर राख, हळद, शेण काहीही लावू देऊ नका. मूल पुसून आईच्या छातीशी ठेवा, तासाभरात पाजवा, पहिल्या दिवशी अंघोळ नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ते काम जगापुढे आले आणि तुमच्या आजच्या घरभेटी त्याच वाटेने आल्या आहेत. घरी जन्मलेल्या बाळासाठी पहिल्या दिवसाची भेट चुकवू नका. पुढच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या.

या बाईची तारीख पावसाळ्यात येत असेल, तर नदीला पाणी चढण्याआधीच तिला खाली आणावे लागेल. म्हणून तारीख, झोळी उचलणाऱ्या चौघांची नावे आणि रस्त्यावर गाडी कुठे उभी राहील ती जागा, हे तिन्ही तिच्या कार्डाच्या मागे आजच लिहून ठेवा, आणि एक प्रत तिच्या नवऱ्याजवळ द्या.